घरफाळ्याची बाकी आणि पालिकेचा खर्च : हिशेब नेमका कोठे पाहावा?

प्रश्न : जुना_वाडा

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील सीमाभागातल्या एका शहरात राहतो. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणावर आरोप करायचा नाही. आपल्या पालिका पैसा कसा गोळा करतात आणि कसा खर्च करतात, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

माझे वडील दर वर्षी एप्रिल महिन्यातच घरफाळा भरत असत. ३० एप्रिलच्या आत भरला की पाच टक्के सूट मिळते, आणि ती सूट त्यांनी कधी सोडली नाही. त्यांच्या पश्चात लोखंडी ट्रंकेत पावत्यांचा गठ्ठा सापडला. प्रत्येक चलनाच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि “सूट मिळाली” एवढे दोनच शब्द लिहिलेले आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र आम्हाला थकबाकीची नोटीस आली. तिच्यात २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांचा कर भरलेलाच नाही असे म्हटले होते, आणि दंडाची रक्कम मूळ करापेक्षा पावणेदोन पटीने जास्त होती. मी तिन्ही चलने घेऊन खिडकीवर गेलो. तेथील कर्मचाऱ्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला, तर त्या तीन वर्षांपुढे शून्य होते. एका चलनावरचा बँकेचा शिक्का पुसट झाला होता, त्यावर त्यांनी बोट ठेवले आणि अर्ज देऊन जा असे सांगितले. अर्ज दिला आहे, उत्तर अजून आलेले नाही.

त्याच आठवड्यात आमच्या पेठेतला रस्ता, जो डांबरीकरण होऊन चार महिनेही झाले नव्हते, जलवाहिनीसाठी पुन्हा उकरला गेला. नगरसेवकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “लोक फाळा भरत नाहीत, पालिकेकडे पैसे कोठून येणार?” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण माझ्या वडिलांसारखा वेळेवर भरणारा माणूसच जर थकबाकीदारांच्या यादीत असेल, तर त्या यादीतला एकूण आकडा खरा मानायचा कसा, हा प्रश्न मला सोडत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आपण भरलेल्या कराचा प्रत्यक्षात कोणता भाग शहरासाठी खर्च होतो? थकबाकीचा आकडा आणि अंदाजपत्रकातला खर्च यांचा परस्परांशी काय संबंध असतो? आणि आमच्यासारख्या, कानडी वाचताना अडखळणाऱ्या मराठी माणसाने हा हिशेब कोठे आणि कसा पाहावा? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : जमाखर्च_निवृत्त

आपला प्रश्न वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. मी एका नगरसंस्थेच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे लांबण लावून लिहितो.

आधी आपल्या घरची गोष्ट. जुन्या हातवह्या संगणकात उतरवल्या गेल्या, तेव्हा जुना घर क्रमांक आणि नवा पीआयडी, म्हणजे मालमत्तेचा ओळख क्रमांक, यांची जुळवणी पुष्कळ ठिकाणी अपुरी राहिली. पैसे बँकेत आले, पालिकेच्या खात्यात जमाही झाले, पण ते आपल्या क्रमांकासमोर चढले नाहीत. आपल्याकडे मूळ चलने आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. शिक्का पुसट असला तरी त्यावर तारीख असते. त्या तारखेचा बँकेचा स्क्रोल (त्या दिवशी जमा झालेल्या रकमांची यादी) आणि पालिकेची त्या दिवसाची रोकडवही जुळवून पाहावी, असे आपल्या अर्जात स्पष्ट लिहा आणि आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. नुसते “आम्ही कर भरला आहे” असे लिहिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. स्क्रोलची तारीख दिली की कोणती वही उघडायची हे समोरच्या माणसाला कळते, आणि मग काम टाळणे त्यालाही अवघड जाते.

दंड एवढा का वाढला, तेही पाहा. एप्रिलमध्ये सूट, मे-जूनमध्ये सूटही नाही आणि दंडही नाही, आणि १ जुलैपासून दरमहा दोन टक्के दंड, अशी आपल्याकडची पद्धत आहे. वर्षाचे चोवीस टक्के होतात. पन्नास महिन्यांत दंड मूळ कराएवढा होतो. म्हणून नोंदवहीतली एक चुकलेली ओळ आठ-नऊ वर्षांनी एवढी मोठी दिसते. हीच गोष्ट शहरभर झाली असेल, तर पालिकेच्या एकूण थकबाकीत खरी बाकी किती आणि न चढलेल्या चलनांवर वाढलेला दंड किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. समजा, मूळ मालमत्ता कर २,००० रुपये आहे. त्यावर आरोग्य उपकर १५ टक्के म्हणजे ३०० रुपये, ग्रंथालय उपकर ६ टक्के म्हणजे १२० रुपये आणि भिक्षुक उपकर ३ टक्के म्हणजे ६० रुपये बसतो. आपण २,४८० रुपये भरता, पण हे ४८० रुपये पालिकेने खर्चायचे नसतात. ती ते गोळा करून पुढे ज्याच्या त्याच्या खात्याला देणे लागते. कचरा उचलण्याचे शुल्क याशिवाय वेगळे असते. पुष्कळ पालिका ही उपकराची रक्कम वेळेवर पुढे पाठवत नाहीत आणि तोवर ती चालू खर्चाला वापरतात. वरवर पाहता तिजोरीत पैसा दिसतो, पण तो पालिकेचा नसतो. अंदाजपत्रक पाहताना देण्यांच्या बाजूला उपकराची शिल्लक किती आहे, ही ओळ अवश्य शोधा.

उरलेल्या स्वतःच्या उत्पन्नातूनही काही वाटे आधीच ठरलेले आहेत. २४.१० टक्के रक्कम अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. हे वाटे योग्यच आहेत आणि माझा त्यांना मुळीच विरोध नाही. मला खटकते ते एवढेच की वर्षअखेरीस या शीर्षाखालची रक्कम खर्च न होता पुढे ढकलली जाते, आणि ज्यांच्यासाठी ती ठेवली त्या वस्तीतली गटार तशीच उघडी राहते.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थकबाकी हा केवळ वसुलीचा विषय आहे, असे लोक समजतात. वास्तविक तो खर्चाचाही विषय आहे. अंदाजपत्रक करताना जमेच्या बाजूला चालू वर्षाची मागणी धरली जाते, आणि बहुतेक वेळा जुन्या बाकीचाही मोठा हिस्सा “या वर्षी वसूल होईल” असे समजून जमेत धरला जातो. जमेचा आकडा फुगला की तेवढ्याच रकमेची कामे मंजूर करता येतात. प्रत्येक प्रभागाला काहीतरी मिळते आणि सभा समाधानाने संपते. प्रत्यक्षात ती बाकी येत नाही. मग कामे झालेली असतात आणि ठेकेदारांची बिले अडकतात. बिल दीड-दोन वर्षांनी मिळणार हे ठाऊक असलेला ठेकेदार पुढच्या निविदेत तेवढा दर वाढवून भरतो किंवा खडी-डांबरात हात आखडता घेतो. आपल्या पेठेतला रस्ता उकरला गेला त्यामागे जलवाहिनीचे आणि रस्त्याचे वेळापत्रक न जुळणे हे कारण असेलच, पण त्याची जाडी किती होती हेही एकदा विचारून पाहा.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की मागणी, वसुली आणि बाकी यांचा तक्ता मागा. कार्यालयात त्याला डीसीबी म्हणतात. त्यात एकच गोष्ट ताडून पाहायची : मागच्या वर्षाची अखेरची बाकी आणि या वर्षाची आरंभीची बाकी सारखी आहे का? ती सारखीच असली पाहिजे. जेथे ती जुळत नाही तेथे मधल्या काळात कोणाची तरी बाकी ठराव न होता कमी झाली आहे, किंवा आपल्यासारख्या कोणाची तरी नव्याने चढली आहे. आणखी एक. “नव्वद टक्के वसुली” अशी बातमी आली की ती टक्केवारी फक्त चालू मागणीवर काढली आहे की जुन्या बाकीसह, हे विचारावे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उत्तर २ : मार्कंडेय_काठ

जमाखर्च काकांनी फार उपयुक्त लिहिले आहे. मी बेळगाव शहरात राहते आणि माहिती अधिकाराचे अर्ज लिहिण्यात लोकांना मदत करते, म्हणून तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते.

प्रथम आपले शहर कोणत्या वर्गात बसते ते पाहा. बेळगावची महानगरपालिका १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याखाली चालते. निपाणी व गोकाकची नगरसभा, चिक्कोडी व संकेश्वरची पुरसभा आणि खानापूरची पट्टण पंचायत १९६४ च्या नगरपालिका कायद्याखाली येतात. बेळगावात कॅम्प भागातल्या रहिवाशांचा कर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे जातो, महानगरपालिकेकडे नाही. पुष्कळ जण येथेच चुकतात आणि अर्ज भलत्याच कार्यालयात देतात.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क आहे. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. आपल्याकडची माणसे चार पाने लिहितात, मनातली सगळी तळमळ त्यात ओततात, आणि अर्ज याच कारणावरून परत येतो. एका अर्जात फक्त “मागील तीन आर्थिक वर्षांचा प्रभागनिहाय मागणी-वसुली-बाकी तक्ता” मागावा. दुसऱ्या अर्जात आपल्या रस्त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची प्रत आणि अंतिम बिल मागावे. मोजमाप पुस्तकात किती लांबी, किती रुंदी आणि किती जाडीचे काम झाले हे अभियंत्याच्या सहीने लिहिलेले असते. मी एकदा अशी प्रत हातात घेऊन त्या गल्लीत पट्टी लावून मोजले होते. कागदावर ५० मिलिमीटर होते आणि कडेला उकरलेल्या जागी ३० मिलिमीटरही भरले नाही. त्या दिवसापासून मी तक्रारीत विशेषणे लिहिणे सोडून दिले. मोजमाप लिहिते आणि सोबत फोटो जोडते.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास त्याच संस्थेतील वरिष्ठांकडे पहिले अपील करावे, त्याला शुल्क नाही, पण उशीर करू नये, कारण त्यालाही ३० दिवसांचीच मुदत आहे.

भाषेबद्दल. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडता येते. तेव्हा तक्रारीचा अर्ज मराठीत देणे हा आपला हक्क आहे आणि तो सोडू नये. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कायद्यानुसार इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे कानडीत, द्यायचा असतो. उत्तर मात्र कानडीत येते, हे गृहीत धरून तयारी ठेवावी. तक्ता वाचणे वाटते तितके अवघड नाही. मागणीला ते “बेडिके” म्हणतात, वसुलीला “वसूलाती” आणि बाकीला “बाकी”च. अंदाजपत्रक म्हणजे “आयव्यय” आणि मालमत्ता कर म्हणजे “आस्ती तेरिगे”. कानडी अंक एका दुपारी पाठ होतात. माझ्या शेजारच्या अक्का कन्नड शाळेत शिकल्या आहेत. पहिले दोन तक्ते आम्ही दोघींनी त्यांच्या सोप्यात बसून वाचले, तिसरा मी एकटीने वाचला.

उत्तर ३ : पेठेतला_व्यापारी

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण मला एक वेगळे मत मांडायचे आहे. इतका त्रास सामान्य माणसाने का घ्यावा? माझ्या दुकानाला दरवर्षी वाढता कर आहे. समोर कचरा साठलेला असतो, पावसाळ्यात पाणी उंबऱ्यापर्यंत येते. २०१९ च्या मार्चपासून बेळगावात लोकनियुक्त सभागृहच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. २०२१ च्या सप्टेंबरात निवडणूक झाली, ५८ प्रभागांतून नगरसेवक निवडून आले, आणि महापौर निवडायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. म्हणजे जवळजवळ चार वर्षे खर्चावर सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. स्मार्ट सिटीची मोठी कामे याच काळात झाली. अशा वेळी व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी एकत्र येऊन, हिशेब मिळेपर्यंत कर न भरण्याचा निर्णय घेतला तर त्यात चूक काय?

उत्तर ४ : जमाखर्च_निवृत्त

आपला राग मला समजतो आणि त्या चार वर्षांबद्दल आपण लिहिले ते अगदी योग्य आहे. तरीही कर रोखण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, आणि त्याचे कारण भीती नव्हे.

१ जुलैनंतर आपली रक्कम दरमहा दोन टक्क्यांनी वाढत जाईल आणि वर्षभराने आपणच त्या यादीत असाल. मग सभागृहात आपले नाव घेऊन सांगितले जाईल की हे मोठे व्यापारीच कर थकवतात. हिशेब विचारण्याचा आपला अधिकार त्या दिवशी लोकांच्या नजरेत कमी होतो. त्यापेक्षा कर भरावा, आकारणी मान्य नसल्यास लेखी हरकत नोंदवून भरावा, आणि पावती हातात ठेवून प्रश्न विचारावा. जुना_वाडा यांच्या वडिलांच्या गठ्ठ्यात आज जी ताकद आहे, ती या सवयीतूनच आली आहे.

स्मार्ट सिटीबद्दल एक दुरुस्ती करतो, कारण हे मिसळले की प्रश्न चुकीच्या दारात जातो. बेळगावची निवड जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांत झाली. तो पैसा केंद्र आणि राज्य यांच्याकडून आला आणि त्यासाठी स्वतंत्र कंपनी होती. आपल्या घरफाळ्यातून ते रस्ते झालेले नाहीत. मात्र ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली आहे आणि तिच्यातून उभे राहिलेले दिवे, बागा, इमारती यांची देखभाल आता आपल्याच करातून करावी लागणार. तेव्हा येत्या अंदाजपत्रकात या मालमत्तांच्या देखभालीसाठी किती रक्कम ठेवली आहे, हा प्रश्न आपण व्यापाऱ्यांनी अवश्य विचारावा.

पंधराव्या वित्त आयोगानेही एक चांगले साधन आपल्या हाती दिले आहे. त्याच्या अनुदानासाठी पालिकांना आपले हिशेब संकेतस्थळावर जाहीर करण्याची आणि मालमत्ता कराची वसुली वाढती ठेवण्याची अट होती. दहा लाखांच्या आतल्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. पेठेत कचरा साठतो म्हणता, तर या बांधलेल्या रकमेचा विनियोग दाखला, म्हणजे ती कशावर खर्च झाली याचा दाखला, मागा. तो एका पानाचा असतो.

दोन शब्द नव्या वसाहतींबद्दल. शेतजमिनीवर पाडलेल्या रेव्हेन्यू प्लॉटवरच्या घरांना २०२५ च्या फेब्रुवारीपासून बी-खाता (अनधिकृत मालमत्तांची पालिकेतली वेगळी नोंद) देण्याची मोहीम निघाली आणि पहिल्या वेळी दुप्पट कर आकारला गेला. यामुळे मागणीचा आकडा एकदम वाढतो. दुप्पट आकारणी पहिल्या वेळेपुरतीच असते, म्हणून त्या वाढलेल्या आकड्याच्या भरवशावर पुढच्या वर्षीची कामे मंजूर होत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवा.

प्रश्नकर्ता : जुना_वाडा

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी दुसरा अर्ज दिला. त्यात तिन्ही चलनांच्या तारखा आणि बँकेच्या शाखेचा उल्लेख केला, आणि स्क्रोल व रोकडवही जुळवून पाहावी असे लिहिले. आवक खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला, आत गेल्या आणि पंधरा मिनिटांनी एका जुन्या वहीचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून आणून दिला. २०१७-१८ ची नोंद सापडली आहे : पैसे आमच्या जुन्या घर क्रमांकावर जमा आहेत. उरलेल्या दोन वर्षांच्या वह्या तळमजल्यावरच्या खोलीत आहेत आणि सोमवारी या असे त्यांनी सांगितले आहे.

ताई, आपण सांगितलेला मागणी-वसुली-बाकी तक्त्याचा अर्जही आजच दिला. मजकूर ६२ शब्दांत बसला. आमच्या गल्लीतल्या आणखी चार घरांना अशीच नोटीस आली आहे. त्यांची चलने शोधायला मी उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार आहे.